टीव्हीवरचं कापड

दुपारच्या बातम्यांची वेळ झाली म्हणून धनंजयराव उठले, टीव्हीवरच्या कापडाचं टोक त्यांनी चिमटीत धरलं आणि नेमका तेव्हाच खिशातला मोबाइल वाजला. कापड सोडून त्यांनी चष्मा शोधला. अनुजाने फोटो पाठवला होता. त्यांची ही एकुलती एक लेक हैदराबादला नोकरी करायची, सध्या ऑफिसच्या कामाने जाकार्ताला गेली होती, आणि मध्ये सुट्टी मिळाली म्हणून तिथून योग्याकार्ता नावाच्या गावी हिंडायला जाणार होती, एवढं त्यांना ठाऊक होतं. फोटोत एक दुकान होतं. दुकानात लाकडी दांडीवर एक कापड उलगडून टांगलेलं होतं, काळपट निळ्या जमिनीवर बारीक बारीक तारे, पांढुरके, कडेला तपकिरी. खाली लिहिलं होतं, 'बाबा, पहचानो. अपना टीवी कवर.' धनंजयरावांनी मोबाइलकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग पुन्हा मोबाइलकडे. कापड तेच होतं. फक्त तिथलं कोरं होतं आणि इथलं उन्हाने विटलेलं, एका कोपऱ्यावर चहाचा डाग पडलेलं. आपल्या घरातलं माणूस परगावच्या बाजारात अचानक समोर यावं तसं त्यांना झालं, पण त्यांना बरं वाटलं नाही. बाहेर भिलाईच्या हायवेवरून अहिवाऱ्याच्या खाणींकडचे चुनखडीचे ट्रक जात होते, खिडकीचं तावदान थरथरत होतं, कोचिंग क्लास सुटल्याचा गलका गल्लीतून पुढे सरकत होता. ते परत खुर्चीत बसले. बातम्या राहिल्या.

मग अनुजाचा आवाज आला. म्हणजे आवाजाचा निरोप. त्यांनी बोट ठेवलं तेव्हा तो सुरू झाला आणि ओसाड बैठकीत एकदम मुलगी बोलायला लागली. "बाबा, ऐका न. इथली दुकानवाली बाई सांगून राहिली, हे सगळे राजवाड्यातले डिझाइन आहेत म्हणे. काही काही तर आम लोगांना घालूच देत नव्हते. ते तिरप्या पट्ट्यांचं असते न, ते फक्त राजाचं. आणि हे आपलं वालं, हे लग्नात नवरी-नवरदेवाचे आई-बाप नेसतात. दोघंही, सेम टू सेम. म्हणून ते जोडीनंच देतात. आपल्याकडे दोन होते न बाबा? एक टीव्हीवर, एक आईच्या पेटीत. तुम्ही दोन्ही घेऊन या लग्नाले. कसं नेसायचं ते मी दाखवते, यूट्यूब पे है." निरोप संपला. धनंजयरावांनी तो पुन्हा लावला नाही. दोन होते न, एवढंच कानात राहिलं होतं. कोणत्याही प्रश्नावर त्यांच्याकडे एक तयार उत्तर असायचं, 'पाहू.' आयुष्यभर त्यांनी ते वापरलं होतं. बदलीबद्दल पाहू, घर घ्यायचं का तर पाहू, आणि दसऱ्याला अनुजाने फोनवर "बाबा, डिसेंबरात लग्न आहे, हैदराबादलाच, आठ दिवस आधी या" म्हटलं तेव्हाही ते पाहूच म्हणाले होते. होणारा जावई नागसेन भंडाऱ्याचा, मोठा गुणी मुलगा, त्याच्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. गुडघ्यांचं त्यांनी कारण सांगितलं होतं, पण गुडघे चांगले होते. खरं कारण असं, की लग्नात मुलीच्या बापाशेजारी एक जागा असते आणि ती रिकामी दिसते, सगळ्यांना दिसते, आणि ती रिकामी जागा शेजारी घेऊन आठ दिवस हिंडण्याची त्यांना भीती वाटत होती. दुसरी भीती याहून मोठी होती. आई गेली त्या दिवसाबद्दल कधीतरी अनुजा विचारेल. तीन वर्षं तिने काही विचारलं नव्हतं, पण लग्नघरात माणसं हळवी होतात.

ते कापड कुठून आलं हे ते विसरले नव्हते, फक्त तिकडे कधी मन गेलं नव्हतं. छत्तीसगढ राज्य व्हायच्या आधीची गोष्ट. भिलाईच्या कारखान्यातली काही माणसं जावा बेटावरच्या एका पोलाद कारखान्यात मिल उभी करायला गेली, त्यात हे होते. वर्षभर एका म्हातारीच्या घरात भाड्याने राहिले. ती विधवा होती, सोलो नावाच्या जुन्या राजधानीच्या गावची, आणि गल्लीतले सगळे तिला इबू, म्हणजे आई, म्हणायचे म्हणून तेही म्हणायचे. घरामागे छपरीत ती कापडावर मेण काढायची. लहानशी शेगडी, तिच्यावर वाटीएवढी कढई, कढईत मेण, आणि हातात बारीक तोटीची तांब्याची लेखणी. तोटी तुंबली की ती तोंडाजवळ नेऊन फुंकर मारायची आणि मग कापडावर एकेक ठिपका टेकवायची. ठिपका, ठिपका, ठिपका, आणि त्यांचा तारा. नंतर रंगात बुडवलं की जिथे मेण तिथे रंग चढायचा नाही. शिफ्टवरून आलं की धनंजयराव छपरीच्या पायरीवर बसायचे. त्यांना तिची भाषा येत नव्हती, तिला त्यांची, आणि बोलावं लागत नाही म्हणूनच ती जागा त्यांना आवडायची. मेण जास्त तापलं तर पसरतं, कमी तापलं तर कापडात मुरत नाही, हे त्यांना न सांगता कळलं. दिवसभर तेच तर करत होते, फक्त तिकडे लोखंड होतं. एक गोष्ट मात्र कळली नाही. एवढी राबून एक बाजू पुरी केली की म्हातारी कापड उलटं करायची आणि मागच्या बाजूने त्याच ठिपक्यांवर पुन्हा मेण काढायला बसायची. मागची बाजू कोण पाहतं, असं त्यांच्या मनात यायचं. निघायच्या दिवशी तिने दोन घड्या आणून ठेवल्या. एक त्यांच्या खांद्यावर घातली. दुसरी टेबलावरच्या फोटोपुढे ठेवली, फोटोत त्यांची बायको प्रेमला होती आणि तिच्या कडेवर टोपडं घातलेली अनुजा. मग म्हातारीने फोटोतल्या अनुजाच्या डोक्यावर बोट टेकवलं, काहीतरी बोलली आणि तोंडावर हात धरून हसली. धनंजयरावांनी मान हलवली. वर्षभर ते मानच हलवत आले होते. आज इतक्या वर्षांनी, नेहरू नगरच्या या खुर्चीत, ते बोट त्यांना समजलं. एक तुला, एक हिच्या आईला, आणि हिच्या लग्नासाठी.

घरी आले तेव्हा त्यांनी टेपरेकॉर्डर आणला होता आणि कारखान्याच्या वसाहतीतलं सगळं सेक्टर तो पाहायला आलं होतं. त्या गडबडीत घड्या पेटीच्या तळाशी राहिल्या. दोन-चार दिवसांनी प्रेमलाने काढल्या. "हे काय होय?" तिने विचारलं. ते म्हणाले, "घरमालकिणीनं दिलं. दोन्ही तुलेच घे." कारण नक्षीची लुंगी नेसून क्वार्टरच्या अंगणात उभं राहणारे ते नव्हते. प्रेमलाने कापड वितीने मापलं. "साडीले पुरत नाही, अन् धोतराले एवढी नक्षी कोण घेते? काय करू मी याचं?" ते म्हणाले, पाहू. मग तिनेच पाहिलं. त्या काळी कारखान्याची तांबडी धूळ दारं लावली तरी घरात यायची, आणि नवा टीव्ही हे घरातलं सगळ्यात नाजूक माणूस होतं. तर एक कापड टीव्हीवर गेलं. दुसरं तिने डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवलं. "पोरीच्या लग्नात रुखवताखाली अंथरू," ती म्हणाली. कोणी न सांगता तिने ते पोरीच्या लग्नासाठी ठेवलं, हे आज त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. त्याच सुमारास कधीतरी, भाकरी थापताना, तिने पाठमोरं राहून विचारलं होतं, "तिकडे करमे का तुमाले?" आणि ते म्हणाले होते, "काम होतं न." तिने भाकरी उलटली. तिने विचारलं होतं म्हणजे उलट तिलाही विचारायचं असतं, हे त्यांना सुचलं नाही. लहान पोर घेऊन ती वर्षभर त्या क्वार्टरमध्ये कशी राहिली, संध्याकाळी पाळीचा भोंगा झाला की गल्लीतल्या सगळ्या दारांत सायकली येऊन लागायच्या आणि आपल्या दारात लागायची नाही, तेव्हा ती काय करायची, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं आणि आता सांगायला कोणी नव्हतं.

दाराची कडी वाजली. सिंधुताई होत्या. सेक्टरमध्ये शेजारी होत्या, निवृत्तीनंतर त्यांच्या नवऱ्यानेही इथेच दोन गल्ल्या सोडून घर घेतलं, आणि प्रेमला गेल्यापासून काही तळलं की त्या वाटी घेऊन यायच्या. आज सांबारवड्या होत्या, कोथिंबिरीच्या. वाटी ठेवून त्या बसल्या आणि बसताबसताच म्हणाल्या, "तिकीट काढलं का भाऊजी?"

"पाहू."

"पाहू काय? वधूपिता तुम्ही का मी?"

 धनंजयरावांनी एक वडी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. मग म्हणाले, "सिंधुताई, त्या दिवशी प्रेमलाच्या अंगावर मी एक कापड घातलं होतं. आठवते का तुमाले?"

"आठवते न. निळं होतं, चांदण्याचं. मी मनात म्हटलं, एवढं चांगलं कापड कावून जाळून राहिले भाऊजी. मग म्हटलं, घालू दे. त्यांच्या हातचं आहे."

"अनुजाले सांगितलं का कोणी?"

"मी कशाले सांगू? ते तुमचं काम." सिंधुताईंनी पदराने कपाळ पुसलं, थंडीचे दिवस असूनही. "पोरगी त्या दिवशी आली अन् स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसली. रडली नाही. मले म्हणे, काकू, पाणी द्या. तेवढंच बोलली. मी पाणी दिलं."

त्या गेल्यावर घर पहिल्यापेक्षा मोठं झालं. तो दिवस धनंजयराव कधी पुरा आठवत नसत. थोडा आठवायचे आणि उठून नळ बंद आहे का पाहायचे. आज ते उठले नाहीत. मे महिना होता, वीज गेली होती, आणि प्रेमला सकाळी चहाचं आधण ठेवून ओट्याला टेकली ती टेकलीच. डॉक्टरने पाच मिनिटांत तपासून सर्टिफिकेट लिहून दिलं. अनुजाचं विमान संध्याकाळी रायपूरला उतरणार होतं. माणसं जमली, नागपूरचे भैय्याजी, म्हणजे प्रेमलाचे थोरले भाऊ, पहाटेच्याच गाडीने दुसऱ्या कामासाठी दुर्गला उतरले होते, ते आले. ऊन चढत चाललं. भैय्याजी म्हणाले, "धनंजय, एवढ्या उन्हात थांबता येत नाही बाप्पा. काय करायचं?" आणि धनंजयराव म्हणाले, "पाहू." खरोखर त्यांना पाहायचंच होतं, मुलगी येईतो काही करता येतं का, कुठून बर्फ मिळतो का, पण आयुष्यभर ज्यांच्या पाहूचा अर्थ 'तुम्हीच ठरवा' असा झाला त्यांचा त्या दिवशी वेगळा कसा होणार? भैय्याजींनी मान हलवली आणि बांबू आणायला माणूस गेला; अनुजाची वाट पाहणं तिथेच संपलं. सिंधुताईंनी हिरवं लुगडं आणलं, सवाष्ण गेली म्हणून. मग म्हणाल्या, "भाऊजी, वरून तुमच्याकडचं एक कोरं वस्त्र लागते." ते कपाटापाशी गेले. प्रेमलाच्या साड्या घडीवर घडी होत्या, सगळ्या तिने स्वतः घेतलेल्या, सगळ्या नेसलेल्या. त्यांच्या हातून या घरात तिच्यासाठी आलेलं आणि कोरं राहिलेलं असं काही आहे का, याचा विचार करत ते उभे राहिले, आणि उत्तर पेटीत निघालं. घडी उलगडली तेव्हा डांबरगोळ्यांचा वास आला आणि त्याच्या मागून, अगदी पुसट, मेणाचा. त्यांनी ते तिच्या अंगावर गळ्यापासून पावलांपर्यंत पसरलं. नीट पुरलं. साडीला कमी पडणारं कापड तेवढ्याला बरोबर पुरलं.

मोबाइलवर अनुजाचा आणखी एक आवाज येऊन पडला होता. ऊन खिडकीतून सरकून टीव्हीच्या खाली आलं होतं. त्यांनी बोट ठेवलं. "बाबा, एक राहिलंच. त्या बाईनं याची स्टोरी सांगितली. एक राणी होती म्हणे, सोलोची. राजाचं लक्ष दुसरीकडे लागलं. मग ही एकटीच बसून कापडावर तारे काढत राहे. तर एक दिवस राजा तिथून जात होता, त्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, किती झालं पाहायले. मग रोजच येऊ लागला, कापड पाहायले, अन् कापड पाहता पाहता त्याचं मन पुन्हा राणीवर बसलं. म्हणून आई-बाप नेसतात. पुन्हा पुन्हा उगवलं पाहिजे म्हणे, असा त्याचा मतलब. अच्छी है ना? आईले सांगितली असती तर तिनं म्हटलं असतं, राजाले काही कामधंदा नव्हता का." अनुजा निरोपातच हसली, आणि मग हसू मध्येच राहिलं, आणि निरोप संपला.

धनंजयराव टीव्हीकडे पाहत बसले. राजा रोज यायचा. तेही रोज यायचे, त्यात खंड नव्हता. शिफ्ट संपवून, हातपाय धुऊन, चहा घेऊन ते रोज या कापडापाशी यायचे, त्याचं टोक चिमटीत धरायचे, आणि ते उचलून बाजूला ठेवायचे. मागे बातम्या असायच्या. प्रेमला स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसलेली असायची आणि बातम्या संपल्या की उठून कापड झटकून परत घालायची, चारी टोकं सारखी करून. टीव्ही बदलले, खोका जाऊन चपटा आला, चपट्यावर कोणी कापड घालत नाही, तरी तिने घातलं, आणि तिच्यानंतर यांनी घातलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते उचललं किती वेळा असेल, पण पाहिलं एकदाही नव्हतं. त्यांना अनावर वाईट वाटलं. कोणाशी भांडून झालेलं वाईट नव्हतं हे, ती दोघं कधी भांडली नाहीत. भांडायला समोर पाहावं लागतं. त्यांनी हातातली वडी वाटीत ठेवली, ती कधीच गार झाली होती, बोटांना तेल लागलं होतं, ते रुमालाने पुसून त्यांनी अनुजाचा नंबर लावला.

"बाबा, ऐकलं का?" तिच्या मागे स्कूटरींचा आवाज होता, कोणीतरी त्यांना न समजणाऱ्या पण ओळखीच्या भाषेत हाका मारत होतं.

"ऐकलं."

"आहेत न दोन्ही?"

'पाहू' जिभेवर आलं होतं. पाहू, शोधतो, पेटी वर ठेवली आहे. एवढं म्हटलं असतं तर लग्न होईतो भागलं असतं. ते म्हणाले, "नाही. एकच आहे."

"दुसरं?"

"दुसरं तुझ्या आईच्या अंगावर घातलं. त्या दिवशी. तू यायच्या आधी."

तिकडे स्कूटरी वाजत राहिल्या. अनुजा चालत असावी ती थांबली, कारण तिच्या श्वासाचा आवाज जवळ आला. "पेटीतलं?"

"पेटीतलं. कोरं होतं."

 धनंजयरावांना वाटलं आता ती तेही विचारेल, ती येईतो थांबले का नाही म्हणून, आणि विचारलं तर सांगायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. पण ती हिंदीत गेली; मराठीत जमेनासं झालं की ती लहानपणापासून हिंदीत जायची. "बाबा, मैं तीन साल से यही सोचती रही. आईले काय नेसवलं असन. किसी से पूछा नहीं. मले वाटे, घाईत काहीतरी पांढरं टाकलं असन अन् नेलं असन."

"नाही, नाही," ते म्हणाले. "हिरवं लुगडं होतं, सिंधुताईंनी आणलेलं. कुंकू होतं. अन् वरून हे. मी घातलं, माझ्या हातानं. पूर्ण झाकलं होतं पोरी. चांगली दिसत होती."

अनुजा आता रडत होती, आवाज न करता. तोंडापासून फोन दूर धरला की जे ऐकू येतं तेवढंच येत होतं. मग नाक ओढून ती म्हणाली, "म्हणजे आईचं नेसून झालं. तुमचंच राहिलं."

"मी येतो," धनंजयराव म्हणाले. "आठ दिवस आधी येतो."

फोन ठेवून ते उठले. कापड त्यांनी टीव्हीवरून काढलं आणि या वेळी बाजूला ठेवलं नाही. खिडकीपाशी नेऊन उलगडलं. बाहेरची बाजू पार गेली होती, तारे होते पण कुठे रंग संपतो आणि कुठे तारा सुरू होतो ते कळत नव्हतं. त्यांनी ते उलटं केलं. आतली बाजू, जी इतकी वर्षं टीव्हीकडे तोंड करून होती, निळीकाळीच होती, आणि तिच्यावर एकेक तारा जागच्या जागी होता, ठिपक्या-ठिपक्याने. म्हातारी मागून पुन्हा का मेण काढायची ते आता त्यांना विचारावं लागलं नाही. उलटी बाजू वर घेऊन त्यांनी कापड पायजम्यावरूनच कमरेला गुंडाळलं. गाठ कशी मारायची ते माहीत नव्हतं, म्हणून ते एका हाताने नुसतं धरून ठेवलं. हैदराबादला गेल्यावर अनुजा दाखवणार होती. टीव्ही बंद होता, त्याची काच मोठी आणि काळी होती, आणि काचेत एक म्हातारा ताऱ्यांचं वस्त्र नेसून काचेच्या अगदी मधोमध उभा होता. धनंजयरावांनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग ते डाव्या बाजूला एक पाऊल सरकले, जोडीचा फोटो काढताना सरकतात तेवढेच, आणि तसेच उभे राहिले.